डॉक्टर किती तासांवर?



डोंगराळ मुलखात फौज अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही. नकाशावर दोन चौक्यांमध्ये चार किलोमीटर दिसतात. पण मध्ये नाला असतो, उभी चढण असते, आणि बर्फ पडलं की वाट असेलच याची खात्री नसते. म्हणून आम्ही हिशेब तासांत करायचो. इथून तिथं दिवसा सहा तास, रात्री नऊ, माणूस स्ट्रेचरवर असेल तर पंधरा. आजचा विषय आहे आरोग्यसेवेतली विषमता. शब्द जड आहे, पण तासांचं माप लावलं की तो लगेच हातात येतो. प्रश्न एवढाच विचारायचा : आत्ता, या घटकेला, या घरात कुणी आजारी पडलं, तर ज्याला काहीतरी येतं असा पहिला माणूस किती तासांवर आहे?

आपल्याकडचे सरकारी निकष माणसं मोजतात. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांना, डोंगरी भागात वीस हजारांना. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, एक लाख वीस हजारांना, डोंगरी भागात ऐंशी हजारांना. आदिवासी भागासाठी आकडा कमी धरला, म्हणजे विचार झाला होता, हे मान्य. पण गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात तीन हजार माणसं म्हणजे जंगलात विखुरलेली कितीतरी छोटी गावं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, मग आतल्या गावांचं काय विचारता! कागदावर निकष पूर्ण झालेला असतो. तासांच्या हिशेबात तो निकष पुराबरोबर वाहून जातो.

आता हे तास महत्त्वाचे का, ते पाहू. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत दगावू शकते. मण्यार चावली तर श्वासाचे स्नायू लुळे पडायला काही तास पुरतात. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की ते आधी फक्त दूध ओढेनासं होतं, अंग थंड पडतं, रडणं क्षीण होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते नसतं. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत, जुने आहेत, स्वस्त आहेत. ते कोणत्या घरात वेळेवर पोचतात, एवढाच फरक.

तो फरक किती मोठा आहे? २०१८ ते २०२० या काळातले सरकारी आकडे घ्या. दर एक लाख जिवंत जन्मांमागे बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरण पावलेल्या माता केरळमध्ये १९, आसाममध्ये १९५. देश एक, संविधान एक, आणि दहापट फरक. देशाची सरासरी ९७ होती. वीस वर्षांपूर्वी ती तीनशेच्या घरात होती, म्हणजे काम झालंच नाही असं कुणी म्हणू नये. सर्पदंशाचं म्हणाल, तर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं अंदाज काढला की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं साप चावून मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांत, आणि बरेचसे दवाखान्याचं तोंडही न पाहता. एवढी माणसं एखाद्या लढाईत गेली असती तर देशानं शोक पाळला असता. ती शेताच्या बांधावर एकेक करून गेली, म्हणून मोजायलाही वेळ लागला.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा एक डॉक्टर वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवायचा. १९७१ साली त्यानं ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. त्याचा आशय असा, की ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते. आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती, तितका हा उलटा नियम पक्का. ब्रिटनसारख्या देशात, जिथं सरकारी सेवा मोफत होती, तिथं हे लिहिलं गेलं. आपण मुंबई-पुण्याच्या एकेका रस्त्यावरच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजाव्यात आणि मग धडगाव-अक्कलकुव्याकडे पाहावं. वेगळा पुरावा लागणार नाही.

माझी नोकरी पायदळातली. डॉक्टरकीतलं मला फारसं कळत नाही, पण जखमी माणसाला कसं आणायचं हे फौजेत प्रत्येकाला कळावं लागतं. ती पद्धत आज मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे.

गोळी लागलेल्या जवानापाशी पहिल्यांदा डॉक्टर पोचत नाही. पोचतो त्याच्याच कंपनीतला, त्याच्याच शेजारी लढणारा दुसरा जवान, ज्याला रक्त थांबवणं, हाड बांधणं, श्वास मोकळा ठेवणं शिकवलेलं असतं. त्याला आम्ही बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंट म्हणतो. तिथून जखमी येतो रेजिमेंटल एड पोस्टवर. तिथं पलटणीचा स्वतःचा डॉक्टर असतो, जो पलटणीबरोबरच राहतो, तिच्याबरोबरच हलतो. तिथून मागे ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल, मग मोठी इस्पितळं, पुण्यातल्या कमांड हॉस्पिटलसारखी. प्रत्येक टप्प्यावर ठरलेलं असतं की इथं किती करायचं आणि किती पुढच्यासाठी ठेवायचं. पहिल्या जवानाकडून कुणी शस्त्रक्रियेची अपेक्षा करत नाही. पण तो नसेल, तर मागचं सुसज्ज इस्पितळ फक्त दाखला लिहिण्यापुरतं उरतं.

आणि एक नियम, जो बाहेरच्या लोकांना किरकोळ वाटतो : बदली माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय चौकी सोडायची नाही. आधी तो येणार, सामान मोजून ताब्यात घेणार, सही करणार, मग तुम्ही निघणार. हा नियम लक्षात ठेवा.

पूर्व सीमेवर एका ठिकाणी आमच्या तुकडीजवळ एक छोटं गाव होतं. आमच्या एम. आय. रूममध्ये, म्हणजे फौजी दवाखान्याच्या खोलीत, एक हवालदार नर्सिंग असिस्टंट होता. सकाळी जवानांची रांग संपली की गावातल्या बायका मुलांना पाठीला बांधून यायच्या. भाषा त्याला मोडकीतोडकी यायची. ताप मोजायचा, बाळाची छाती पाहायचा, घड्याळ लावून श्वास मोजायचा, शंका आली की वायरलेसवर डॉक्टरांना विचारायचा, आणि गरज पडली तर आमच्याच गाडीतून मागे धाडायचा. गावाच्या लेखी तो ‘डॉक्टर साब’ होता. काही महिन्यांनी आमची पलटण तिथून हलली. दुसरी आली. तिच्यातला दुसरा नर्सिंग असिस्टंट त्याच खोलीत, त्याच कपाटासमोर बसला. गावातल्या बायकांना नवा चेहरा पाहायला मिळाला, एवढंच. दवाखाना एक दिवसही बंद राहिला नाही. त्या हवालदाराचं कौतुक मला होतंच, पण त्याहून जास्त वाटतं ते त्याच्या रिकाम्या न राहिलेल्या खुर्चीचं.

आता नागरी आयुष्यात या. आपण पहिल्या माणसापासून सुरुवात करू.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालमृत्यू कशानं होतात याचा त्यांनी गावोगाव माग काढला आणि न्यूमोनिया हे मोठं कारण निघालं. आता न्यूमोनिया ओळखायला छातीचा फोटो लागतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात श्वास मोजला तरी बरंच कळतं. खोकला झालेलं बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं असेल आणि पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल आणि चाळीस किंवा जास्त, तर धोका समजायचा. (हे आकडे घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकानं लिहून ठेवावेत. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं.) अडचण अशी की गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी एक साधं यंत्र केलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. काही श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या खुणेच्या पलीकडचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हातात निदान आलं.

पुढचं पाऊल मोठं होतं. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांत त्याच गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळ कोरडं करणं, ऊब देणं, वजन करणं, श्वास अडकला तर सुरू करणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. इंजेक्शन! डॉक्टर मंडळींच्या भुवया उंचावणारच. जेमतेम शिकलेल्या बाईनं दिवसाच्या बाळाला सुई टोचायची? पण ते बाळ ज्या घरात होतं, तिथून इस्पितळ गाठण्याचा पर्याय बहुतेकांना नव्हताच, हे आक्षेप घेणाऱ्यांना दिसत नव्हतं. निकाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्या गावांतले नवजात मृत्यू हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत आकडा साठाच्या आसपासच राहिला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरातली सुमारे सतरा जात, ती तीनाच्या आत आली.

या कामातून घ्यायची गोष्ट माझ्या मते अशी. त्या बाईला नुसतं ‘जनजागृती’ करायला पाठवलं नाही. तिला कसब दिलं, औषध दिलं आणि ते वापरायचा अधिकार दिला. आमच्या बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंटच्या खिशात माहितीपत्रक नसतं, पट्टी आणि मॉर्फिन असतं. आपल्याकडे गरिबांसाठीच्या बहुतेक योजना माहितीपत्रकापाशी थांबतात.

आज देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या आहेत, दहा लाखांच्या आसपास. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर त्या आल्या; त्याआधी छत्तीसगडमध्ये ‘मितानिन’ होत्या, त्याही आधी जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून गावातल्या बायकांना तयार केलं होतं. २०११ पासून नवजात बाळाच्या घरी भेट देण्याचं काम आशांकडे आलं. इस्पितळात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसापासून सात. तुमच्या घरी किंवा तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या घरी बाळ झालं असेल तर या भेटी हक्काच्या आहेत. शहरातल्या वस्त्यांमध्येही आशा असतात, हे इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगावकडच्या आपल्या मंडळींनी मुद्दाम लक्षात घ्यावं.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. टाळ्या वाजल्या. पण ती आशा आजही कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून अनेक राज्यांत त्यांना रस्त्यावर बसावं लागलं आहे. फौजेत आघाडीवरच्या माणसाचा भत्ता मागच्या माणसापेक्षा जास्त असतो. इथं जो सर्वांत पुढे, त्याला सर्वांत कमी. हे उलटं गणित कुणाला खटकत कसं नाही, मला नवल वाटतं.

बरं, पहिला माणूस उभा राहिला. त्यानं ओळखलं की हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. मग पुढे कोण? मागची साखळी तुटलेली असेल तर पहिल्या माणसाचं कसब फक्त दुःख लवकर कळण्याच्या कामाचं. एका अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन करायला शस्त्रक्रिया करणारा लागतो, भूल देणारा लागतो आणि रक्त लागतं. तिघांपैकी एक नसला तरी इमारत, टेबल, दिवे सगळं असून उपयोग शून्य. ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन असे चार विशेषज्ञ असावेत असा निकष आहे. २०२१-२२ च्या सरकारी अहवालानुसार देशभरच्या ग्रामीण भागात गरजेच्या मानानं अशा विशेषज्ञांची कमतरता जवळपास ऐंशी टक्के होती. पाचपैकी चार खुर्च्या रिकाम्या. आता तो चौकीचा नियम आठवा. डॉक्टरची बदली होते, तो जातो, आणि त्याच्या जागी येणारा येतो न येतो. एखाद्या पोस्टवरून पलटण निघून गेली आणि दुसरी सहा महिन्यांनी येणार आहे, असं कुणी आम्हाला सांगितलं असतं, तर ऐकून घेतलं असतं का? जे केंद्र रिकामं राहिलं, ते तेवढ्या काळापुरतं शत्रूला दिलेलं आहे. शत्रू म्हणजे इथं रक्तस्राव, मण्यार, न्यूमोनिया.

डॉक्टर टिकून राहिला तर काय होतं, याचं उदाहरण कोकणात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, त्यांच्यासमोर मरत होती. ते रात्ररात्र रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवत गेले, हृदयावर काय परिणाम होतो ते समजून घेतलं, आणि शेवटी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची एक स्वस्त गोळी लागू पडली. गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असायचं, ते एक टक्क्यापर्यंत उतरलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात हा शोध लागणं कठीण होतं, कारण तिथं विंचू चावलेला माणूस वेळेवर पोचतच नव्हता.

बंग, आरोळे, बावस्कर, हेमलकशात १९७३ पासून माडिया भाषा शिकून दवाखाना चालवणारे आमटे. आपण मराठी माणसं यांच्याविषयी भरभरून बोलतो, आणि बोलावंच. पण मला त्यात एक धोका दिसतो. आपण तपस्वी माणसांवर भागवून घेतो. अमुक तालुक्याला अमुक डॉक्टर मिळाले, त्याचं नशीब. शेजारच्या तालुक्याला नाही मिळाले, त्याचं नशीब. माझा तो हवालदार तपस्वी नव्हता. त्याला वेळेवर पगार मिळत होता, वर्षाला रजा मिळत होती, कपाट भरलेलं असायचं, आणि त्याला उत्तर द्यायला वायरलेसच्या पलीकडे कुणीतरी होतं. साधारण माणसाकडून चांगलं काम होईल अशी व्यवस्था असली की पुरे.

कपाट भरलेलं असण्यावरून आठवलं. औषधांची रसद हा विषय आरोग्याच्या भाषणांत कधी येत नाही, कारण त्यात भावनेला हात घालण्यासारखं काही नाही. तमिळनाडूनं मात्र तो मन लावून सोडवला. नव्वदच्या दशकात तिथं औषध खरेदीसाठी सरकारी महामंडळ स्थापन झालं. सगळ्या राज्याची खरेदी एकत्र, दर्जाची तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक. त्यात त्या दवाखान्याची रक्कम नोंदलेली. गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलायचं, तेवढी रक्कम वजा. आमच्या क्वार्टरमास्टरला हे दाखवलं असतं तर तो खूश झाला असता. भिंतीपलीकडे कोणती गोळी किती शिल्लक आहे हे कळतं, म्हणून साप चावलेल्या माणसाला ‘प्रतिविष संपलंय, जिल्ह्याला न्या’ असं ऐकावं लागण्याची शक्यता कमी होते. त्याच राज्यानं ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना घरपोच तपासणी आणि गोळ्या द्यायला सुरुवात केली. मजुरी बुडवून महिन्याला दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही, तो गोळ्याच सोडून देतो, आणि मग एक दिवस अर्धांग होतो.

आसामात तर दवाखानाच चालत, म्हणजे तरंगत जातो. ब्रह्मपुत्रेत शेकडो वाळूची बेटं आहेत, त्यांना चर किंवा चापोरी म्हणतात. लाखो लोक त्यांवर राहतात. नदी दर वर्षी बेटं खाते, नवी घडवते. अशा जमिनीवर पक्कं आरोग्य केंद्र बांधून काय करणार? एका बेटावर बाळंतपणात एक बाई मदत न मिळता गेली, हे ऐकून पत्रकार संजय हझारिका यांच्या मनात नावेच्या दवाखान्याची कल्पना आली. २००५ मध्ये ‘आखा’ नावाची पहिली नाव निघाली. आखा म्हणजे असमियात आशा! पुढे सरकारच्या आरोग्य अभियानाशी भागीदारी झाली आणि नावा पंधरापर्यंत गेल्या. नावेवर डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळा, औषधं. बेटामागून बेट घेत चार-पाच दिवसांच्या फेऱ्या. लसीकरण आणि गरोदर बायकांची तपासणी यासाठी हे उत्तम. पण नाव त्या बेटावर पुन्हा काही आठवड्यांनी येणार. मधल्या रात्री बेटावरची प्रशिक्षित बाईच उपयोगी पडते. फिरत्या दवाखान्यानं गावातल्या माणसाला बळ द्यावं. त्याची जागा त्याला घेता येत नाही. एका दिवसाच्या आरोग्य शिबिरांविषयी माझं मत याहून कडक आहे. मोतीबिंदूची शिबिरं सोडली, तर बहुतेक शिबिरांतून फोटो निघतात आणि आठ दिवसांच्या गोळ्या वाटल्या जातात. नवव्या दिवशी रक्तदाब जिथल्या तिथं.

पैशाबद्दल थोडं. २०१८ पासून आयुष्मान भारतमध्ये गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं. मोठी गोष्ट आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जमीन विकायची वेळ अनेकांवर आली नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून भरायचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९ टक्क्यांवर आला. पण हे कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावर चालतं. रोजच्या तपासण्या आणि गोळ्या त्यात येत नाहीत, आणि खिसा तिथंच हळूहळू फाटतो. शिवाय कार्डानं अंतर कमी होत नाही. माझ्याकडे माजी सैनिकांच्या योजनेचं कार्ड आहे आणि दवाखाना पंधरा मिनिटांवर. माझ्या जुन्या सुभेदारसाहेबांकडे तसंच कार्ड आहे, पण त्यांना दोन एस. टी. बदलून यावं लागतं. हक्क समान, दिवस मात्र त्यांचा जातो.

आणि जवळ कुणीच नसेल तर माणूस जो सापडेल त्याच्याकडे जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण आठवतं का? २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीपुढे आलं की पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती, अनेकींची तरुण वयात. सहा महिने उसाच्या फडात, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की दंड. फडावर ना नर्स ना आडोसा. पोटात दुखतंय म्हणून खासगी दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढून टाका’. सेवा मिळत नाही ही विषमतेची एक बाजू झाली. नको ती शस्त्रक्रिया मात्र लगेच मिळते, ही दुसरी. ही माणसं हलती आहेत, म्हणून गावच्या यादीतही नाहीत आणि फडाच्या यादीतही नाहीत. पलटण हलली की तिचा डॉक्टर तिच्याबरोबर हलतो. तोडीच्या टोळीबरोबर कुणी हलत नाही.

आता तुम्ही काय करू शकता, हे मला नेहमी विचारतात. देणगी द्या असं मी सांगणार नाही. चौकशी करा असं सांगेन. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी स्वतः आपल्या आरोग्य केंद्राची तपासणी करायची, प्रगतिपुस्तक भरायचं, बरं असेल तिथं हिरवा रंग, मधलं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते ठेवायचं. चार बायकांनी चव्हाट्यावर लाल रंग दाखवला की बऱ्याच ठिकाणी कामं हलली. शिवाय प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते, कागदावर तरी असतेच. निवृत्त शिक्षक, निवृत्त फौजी यांनी या समित्यांत शिरावं. आमच्या मंडळींना सामान मोजून ताब्यात घ्यायची सवय असते, ती इथं कामाला येते.

तुम्ही कोणत्याही राज्यात असा. जवळच्या प्राथमिक किंवा नागरी आरोग्य केंद्रात एकदा जा आणि नम्रपणे विचारा. आज रात्री इथं कोण आहे? सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत, आणि त्यांची मुदत कधी संपते? रुग्णवाहिका बोलावली तर इथं यायला किती वेळ लागतो, मागच्या वेळी किती लागला? सिझेरियन करायची वेळ आली तर नेमकं कोणत्या इस्पितळात पाठवता, आणि तिथं भूल देणारा डॉक्टर आज आहे का? केंद्रातली माणसं बहुधा चिडणार नाहीत. कुणीतरी विचारतंय याचं त्यांनाही बरं वाटतं, कारण रिकाम्या जागांचा भार त्यांच्याच अंगावर असतो. उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवा. महिन्याभरानं पुन्हा जा, तेच प्रश्न विचारा, आणि दोन्ही पानं समितीच्या बैठकीत शेजारी शेजारी ठेवा.